सव्वाशे गुणांचा आठवडा

नोव्हेंबर २०१७मध्ये मुंबईत, चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या टेनिस कोर्टवर, बेलारूसच्या एका १९ वर्षांच्या मुलीने मुंबई ओपनच्या अंतिम सामन्यात स्लोव्हेनियाच्या दालिला याकुपोविचचा ६-२, ६-३ असा फडशा पाडला. आरिना सबालेन्का हे तिचं नाव टेनिसवेड्यांपलीकडे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या सहा वर्षांच्या आत ती जागतिक क्रमवारीत पहिली आली. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत तिने एकेरीची चार ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली, दोन मेलबर्नला आणि दोन न्यूयॉर्कला. चारही हार्ड कोर्टवर, म्हणजे ती मुंबईत जिंकली त्याच जातीच्या कोर्टवर.

त्याआधी पाच वर्षं पुण्यातही असंच घडलं होतं. नोव्हेंबर २०१२मध्ये बालेवाडीच्या क्रीडा संकुलात रॉयल इंडियन ओपन नावाची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात नेटच्या एका बाजूला होती युक्रेनची १८ वर्षांची एलिना स्वितोलिना आणि दुसऱ्या बाजूला जपानची ४२ वर्षांची किमिको दाते-क्रुम. दाते १९९५मध्ये जगात चौथी होती. १९९६मध्ये तिने निवृत्ती घेतली, २००८मध्ये ती परत आली आणि पुढच्याच वर्षी, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने सोलची स्पर्धा जिंकली. बालेवाडीत मात्र स्वितोलिनाने तिला ६-२, ६-३ असं हरवलं. स्वितोलिना पुढे क्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत गेली, २०१८ची वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स जिंकली आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं.

महाराष्ट्रात झालेल्या या दोन स्पर्धांच्या विजेत्या पुढे एवढ्या उंचीवर पोहोचल्या, यात नशिबाचा भाग आहेच. पण तेवढ्यावर भागत नाही. या दोन्ही स्पर्धा महिला टेनिसच्या ज्या श्रेणीत मोडतात, ती श्रेणीच अशा खेळाडूंना एकत्र आणण्यासाठी आखलेली आहे. वर्तमानपत्रात तिला चार ओळींची बातमी मिळते. माझ्या मते महिला टेनिस समजून घ्यायचं तर विम्बल्डनच्या अंतिम सामन्यापेक्षा अशा स्पर्धेचा एक आठवडा जास्त शिकवतो.

महिला टेनिसची रचना अशी आहे. सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम. तिथे विजेतीला २००० गुण. त्याखाली डब्ल्यूटीए या महिला टेनिस संघटनेच्या १०००, ५०० आणि २५० या श्रेणी. आकडा हेच श्रेणीचं नाव आणि विजेतीचे गुणही तेवढेच. त्याखाली १२५. आणखी खाली उतरलं की आयटीएफ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या छोट्या स्पर्धा लागतात, त्यांना डब्ल्यू १००, ७५, ५०, ३५, १५ अशी नावं आहेत. १२५ ही श्रेणी डब्ल्यूटीएने २०१२मध्ये सुरू केली, तेव्हा हा आकडा गुणांचा नव्हता, सव्वा लाख डॉलरच्या बक्षीस रकमेचा होता. त्या पहिल्या वर्षी या श्रेणीच्या जेमतेम दोनच स्पर्धा झाल्या, एक तैपेईत आणि दुसरी आपल्या पुण्यात. विजेतीला पूर्वी १६० गुण मिळत, २०२४पासून १२५ मिळतात.

आता ग्रँड स्लॅमच्या दाराशी काय होतं ते पाहू. मुख्य फेरीत १२८ जणी असतात. त्यांपैकी १०४ जणींना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो, १६ जणी पात्रता फेरीतून येतात आणि आठ जणींना वाइल्ड कार्ड म्हणजे संयोजकांचं खास निमंत्रण मिळतं. म्हणजे क्रमवारीतल्या साधारण शंभराव्या स्थानाशी एक मोठी भिंत आहे. भिंतीच्या आत असलेलीला नुसतं मैदानात उतरण्याचे पैसे मिळतात आणि ते थोडेथोडके नाहीत. २०२५च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूलाही १ लाख ३२ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. १२५च्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती हजार डॉलरच्या आसपास पडतात. विमानाचं तिकीट, प्रशिक्षकाचा खर्च, रॅकेटच्या तारा, फिजिओ हे सगळं त्यातून कसं भागवायचं, हा प्रश्न क्रमवारीत दीडशेव्या-दोनशेव्या स्थानावरच्या खेळाडूला दर आठवड्याला पडतो. म्हणून ती बक्षिसासाठी येत नाही, गुणांसाठी येते. भिंतीच्या आत उडी मारायला लागणारे गुण एका आठवड्यात मोठ्या संख्येने मिळण्याची तिच्या आवाक्यातली जागा म्हणजे १२५ची स्पर्धा.

इथे कोण कोण भेटतं ते बघण्यासारखं आहे. वर चढणारी सबालेन्का भेटते, तशी खाली घसरून पुन्हा वर येऊ पाहणारीही भेटते. २०२५ची मुंबई ओपन स्वित्झर्लंडच्या जिल टाइखमानने जिंकली. हीच डावखुरी टाइखमान २०२१मध्ये सिनसिनाटीला, १००० श्रेणीच्या स्पर्धेत, नाओमी ओसाकाला हरवून अंतिम फेरीपर्यंत गेली होती आणि तिथे ॲश बार्टीकडून हरली होती. २०२४च्या अंतिम सामन्यात लॅटव्हियाच्या दार्या सेमेनिस्तायासमोर उभी होती ऑस्ट्रेलियाची स्टॉर्म हंटर. हंटर काही महिन्यांपूर्वीच दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. एकेरीत तिला अजून आपली जागा शोधायची होती, म्हणून ती मुंबईला आली. पहिला सेट तिने घेतला, पण पुढचे दोन सेट सेमेनिस्तायाने जिंकले. मोठ्या स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्या बऱ्याचदा एकतर्फी होतात. इथे पहिल्या दिवसापासून दोघीही जीव तोडून खेळतात, कारण गुणांची गरज दोघींनाही सारखीच असते.

आता कोर्टाकडे वळू. हार्ड कोर्ट म्हटलं की सिमेंटचा कोबा डोळ्यांपुढे येतो, पण ते तसं नसतं. खाली डांबरी किंवा काँक्रीटचा पाया असतो. पाणी साचू नये म्हणून त्याला जेमतेम एक टक्क्याचा उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना कळतही नाही. त्यावर खड्डे-भेगा बुजवणारा थर आणि चांगल्या कोर्टावर रबराचे बारीक कण मिसळलेले दोन-चार मऊ थर असतात. सगळ्यात वर ॲक्रिलिकचा रंग. हा रंग नुसता लावत नाहीत. त्यात बारीक सिलिका वाळू मिसळतात, ते मिश्रण कोर्टवर ओततात आणि रबरी पात्याच्या रुंद फळीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेतात. एक थर वाळला की त्यावर दुसरा. कोरड्या कोर्टवर तळहात फिरवला तर ही वाळू पॉलिश पेपरसारखी बोटांना लागते.

सगळी गंमत या वाळूत आहे. चेंडू जमिनीवर टप्पा घेतो तेव्हा त्याला दोन दिशांचा वेग असतो, खाली जाणारा आणि पुढे जाणारा. खालचा वेग उसळी ठरवतो. पुढच्या वेगातला काही हिस्सा जमिनीशी होणारं घर्षण खाऊन टाकतं. पृष्ठभाग जितका खरबरीत तितकं घर्षण जास्त. मग चेंडू टप्पा घेऊन अडखळतो आणि अधिक उभा उसळतो, आणि टॉपस्पिन मारणारीच्या चेंडूला जमीन पकडून उंच उठायला मदत होते. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर चेंडू घसरत, सपाट येतो. जोरदार सर्व्हिस करणारीला ते सोयीचं, कारण समोरचीला रॅकेट मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणजे रंगात वाळू किती आणि कशी घातली, यावर कुणाचा खेळ खुलणार हे काही प्रमाणात आधीच ठरतं. आयटीएफने कोर्टाच्या वेगाचे पाच गट केलेले आहेत, संथ, मध्यम-संथ, मध्यम, मध्यम-वेगवान आणि वेगवान. माती बहुधा संथ, हिरवळ बहुधा वेगवान, पण हार्ड कोर्ट यांपैकी हव्या त्या गटात बसवता येतं. शिवाय ते जुनं होतं तसं बदलतं. बूट घासून घासून वाळूचे टोकदार कण झिजले की तेच कोर्ट हळूहळू वेगवान होत जातं. क्लबातल्या जुन्या सभासदांना हे नेमकं माहीत असतं. कोणत्या कोर्टवर चेंडू लवकर येतो, ते बेसलाइनवर उभं राहिल्याबरोबर सांगतात.

याच गुणांमुळे गेल्या अर्धशतकात हार्ड कोर्टने जग व्यापलं. १९७४पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम हिरवळीवर होत. अमेरिकन ओपनने तीन वर्षं मातीवर काढली आणि १९७८मध्ये फ्लशिंग मेडोजला हार्ड कोर्टवर मुक्काम हलवला. ऑस्ट्रेलियन ओपन १९८८मध्ये त्याच वाटेने गेली. आज डब्ल्यूटीएच्या १००० श्रेणीच्या दहा स्पर्धांपैकी आठ उघड्यावरच्या हार्ड कोर्टवर होतात, मातीवर फक्त माद्रिद आणि रोम. हिरवळीचे लाड वर्षभर पुरवावे लागतात, मातीला रोज पाणी आणि रोलर लागतो. हार्ड कोर्ट एकदा नीट केलं की त्याला देखभाल कमी लागते आणि टप्पा भरवशाचा मिळतो. निळा रंगही असाच सोयीचा. अमेरिकन ओपनने २००५मध्ये कोर्ट निळं केलं, ते पिवळा चेंडू टीव्हीवर ठळक दिसावा म्हणून.

किंमत मात्र शरीराला मोजावी लागते. मातीवर खेळाडू चेंडूपर्यंत घसरत जाते आणि घसरतच थांबते. हार्ड कोर्टवर बूट जागच्या जागी चिकटतो आणि धावणाऱ्या शरीराचा सगळा धक्का घोटा, गुडघा, खुबा आणि कंबर झेलतात. बेल्जियमची किम क्लाइस्टर्स हार्ड कोर्टवरही पाय फाकवून घसरत चेंडू काढायची, ते बघताना आपलेच सांधे कळवळत. शिवाय उन्हात ॲक्रिलिकचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि ती धग तळपायातून वर येते. उष्णता आणि आर्द्रता मिळून ठरावीक मर्यादा ओलांडली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सेटच्या मध्ये दहा मिनिटांची विश्रांती देण्याची तरतूद डब्ल्यूटीएच्या नियमांत आहे.

उघड्यावरचं कोर्ट म्हटलं की वारा आला. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू हातभर सरकतो. मग खेळाडूला फेक आखूड करावी लागते किंवा चेंडू हातात परत घेऊन पुन्हा फेकावा लागतो. मुंबईच्या दमट हवेत चेंडूवरची लोकरी लव ओलावा धरते, चेंडू किंचित जड होतो आणि रॅली लांबतात. ठरावीक गेम झाले की नवे चेंडू काढतात. नवे चेंडू हातात आले की सर्व्हिस करणारी एक चेंडू वर उचलून समोरचीला दाखवते. आता वेग वाढणार, याची ती सूचना असते. ही खूण टिपायला शिकलं की सामना बघण्याची गोडी वाढते.

भारतीय खेळाडूंच्या दृष्टीने यजमानपदाचा सगळ्यात ठोस फायदा वाइल्ड कार्डचा. एरवी क्रमवारीत चारशेव्या स्थानावरच्या मुलीला १२५च्या स्पर्धेत शिरकाव नसतो. घरच्या स्पर्धेत संयोजक आपल्या मुलींना मुख्य किंवा पात्रता फेरीत संधी देऊ शकतात. व्हिसासाठी खेटे घालायला नकोत, परदेशातल्या हॉटेलचं बिल नको. २०२४मध्ये सहजा यमलापल्लीने मुंबईत पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित अमेरिकेच्या केला डेला तीन सेटमध्ये घरी पाठवलं. २०२५मध्ये कोईम्बतूरची १५ वर्षांची माया राजेश्वरन रेवती पात्रता फेरीतून वर येत थेट उपांत्य फेरीत धडकली. तिथे टाइखमानने तिला रोखलं. १२५च्या उपांत्य फेरीचे गुण आहेत ४९. डब्ल्यू १५ दर्जाची स्पर्धा जिंकणारीला १५ गुण मिळतात. म्हणजे तशा तीन स्पर्धा लागोपाठ जिंकूनही जे हाती लागलं नसतं, ते मायाने मुंबईतल्या एका आठवड्यात कमावलं.

घरच्या हार्ड कोर्टवरचा एक आठवडा काय करू शकतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण हैदराबादचं. फेब्रुवारी २००५मध्ये सानिया मिर्झाने तिथे अल्योना बोंदारेन्कोला ६-४, ५-७, ६-३ असं हरवलं आणि डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पुढच्याच महिन्यात दुबईत तिने अमेरिकन ओपनची त्या वेळची विजेती स्वेतलाना कुझनेत्सोवाला हरवलं आणि त्याच वर्षी ती न्यूयॉर्कला चौथ्या फेरीपर्यंत गेली. हैदराबाद, दुबई, न्यूयॉर्क ही तिन्ही हार्ड कोर्ट. २००७मध्ये ती सत्ताविसाव्या स्थानावर पोहोचली.

त्यानंतर भिंतीच्या अगदी जवळ जाऊन आलेली खेळाडू म्हणजे अंकिता रैना. अहमदाबादची ही मुलगी पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकली आणि २०२०मध्ये १६०व्या स्थानापर्यंत गेली. २०२१च्या ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी दुबईत झाली, तिथे ती एकेरीच्या मुख्य फेरीपासून फक्त एक सामना दूर राहिली. महाराष्ट्राच्या इतर मुलींनी दुहेरीत नाव काढलं. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने २०१४च्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर कांस्यपदक मिळवलं आणि रिओ ऑलिम्पिकमध्येही ती सानियाच्या जोडीने उतरली. ऋतुजा भोसलेने २०२३मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. गुणवत्ता नाही असं म्हणण्याची सोय या मुलींनी ठेवलेली नाही. तुटवडा आहे तो घराजवळ, दरवर्षी, ठरलेल्या वेळी होणाऱ्या वरच्या दर्जाच्या स्पर्धांचा.

इथे आपला इतिहास बोचतो. हैदराबादची स्पर्धा २००३ ते २००५ चालली आणि मग बंगळुरूला गेली. तिथे २००८मध्ये विल्यम्स भगिनी खेळल्या, सेरेनाने ती जिंकली आणि पुढे तीही बंद पडली. पुण्याची रॉयल इंडियन ओपन एका वर्षात आटोपली. मुंबई ओपन २०१७ आणि २०१८मध्ये झाली. दुसऱ्या वर्षी थायलंडची लुक्सिका कुमखुम जिंकली आणि त्यानंतर २०२४च्या फेब्रुवारीपर्यंत स्पर्धाच नाही. चेन्नईला २०२२मध्ये २५० श्रेणीची स्पर्धा झाली, चेक प्रजासत्ताकाच्या १७ वर्षांच्या लिंडा फ्रुहवर्तोवाने ती गाजवली आणि तिथेही खंड पडला. पुढची आवृत्ती २०२५मध्ये झाली.

या खंडांचा फटका क्रमवारीच्या गणितातून बसतो. टेनिसमध्ये गुण ५२ आठवडेच टिकतात. या फेब्रुवारीत मिळवलेले गुण पुढच्या फेब्रुवारीत आपोआप गळतात आणि ते पुन्हा मिळवायला खेळाडूला त्याच सुमारास तेवढ्याच तोलाची स्पर्धा लागते. मुंबईत स्पर्धा झाली नाही, तर भारतीय मुलीला ती शोधत परदेशात जावं लागतं आणि तिथे तिला वाइल्ड कार्ड कुणी देत नाही. परदेशी खेळाडूही एका स्पर्धेसाठी एवढ्या लांब येत नाहीत, ओळीने तीन-चार आठवडे खेळायला मिळणार असेल तर येतात. म्हणून पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर दोन दशकांहून अधिक काळ चिकाटीने भरवल्या जाणाऱ्या एनईसीसी या आयटीएफ स्पर्धेचं मला मोल वाटतं. तिचा दर्जा मुंबई ओपनपेक्षा खालचा, पण ती पुन्हा पुन्हा होते. ऑस्ट्रेलियन ओपन संपल्यावर आणि दोहा-दुबईच्या मोठ्या स्पर्धा सुरू होण्याच्या सुमारास, फेब्रुवारीतला मुंबईचा आठवडा कायमचा राखून ठेवला आणि त्याच्या मागेपुढे पुणे, बंगळुरू, दिल्लीच्या आयटीएफ स्पर्धा ओळीने लावल्या, तर मेलबर्नच्या पात्रता फेरीत हरलेल्या मुलींना थेट इकडचं विमान पकडणं परवडेल. त्यांच्याबरोबर भारतीय मुलींना दर आठवड्याला खेळायला मिळेल. त्यासाठी राज्य संघटना, प्रायोजक आणि क्लब यांनी मिळून एका वर्षाचा नव्हे, निदान पाच वर्षांचा करार करायला हवा आणि तारखा वेळेवर जाहीर करायला हव्यात, कारण खेळाडू आपले प्रवेश काही आठवडे आधीच नोंदवून मोकळ्या होतात.